किल्ल्यात कवायतीचं मैदान होतं का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

कोकणातल्या किल्ल्यांमधल्या मोकळ्या जागांविषयी आणि लष्करी कवायतीच्या मैदानांविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून काही जण 'हे महाराजांचं परेड ग्राउंड' असं सांगतात. इथे मावळ्यांची कवायत होत असे का? (मालवण)

आज आपण ज्याला परेड म्हणतो, म्हणजे रांगा, एकसारखं पाऊल, हुकमासरशी वळणं, तशी कवायत शिवकाळात नव्हती. ती नसण्याला कारण आहे. एका पावलानं चालणाऱ्या रांगा युरोपात वाढल्या त्या चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या) बंदुकीमुळे आणि संगिनीमुळे. त्या बंदुकीचा नेम शंभर यार्डांपलीकडे फारसा धरत नसे आणि तयार शिपाईसुद्धा मिनिटाला जेमतेम तीन बार काढी. एकट्याची बंदूक फुकट. शंभर जणांनी खांद्याला खांदा लावून एकाच वेळी बार काढले तरच समोरची फळी फुटायची. म्हणून पाऊल, वळण, बंदूक भरण्याची प्रत्येक हालचाल घोटून घ्यावी लागे आणि त्यासाठी सपाट, मोठं मैदान लागे.

सिंधुदुर्गाचं काम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सुरू झालं. त्या काळच्या आपल्या शिपायाचं शिक्षण वैयक्तिक कौशल्याचं होतं : तलवार, पट्टा, भाला, तिरंदाजी, तोड्याची (जळत्या वातीने उडणारी) बंदूक. त्याला तालीम पुरे, परेडचं मैदान लागत नाही. शिवाय किल्ल्याची शिबंदी, म्हणजे किल्ल्यावरची फौज, लढते ती तटावरून. प्रत्येकाला आपला बुरूज, आपली जंगी (तटातलं मारा करायचं भोक) आणि तिथवर जाणारा जिना रात्रीच्या अंधारातही पाठ असला पाहिजे. इशारत झाली की फांजीवर, म्हणजे तटावरच्या वाटेवर, कोण कुठे धावणार, दारूगोळा कुणी पोचवायचा, दरवाजाच्या देवडीत कोण थांबणार, ही किल्ल्याची खरी कवायत. ती मैदानात नाही, तटावर घडते.

मग मोकळी जागा कशाला? हजेरी सदरेपुढे होई, त्याला छोटं अंगण पुरतं. उरलेल्या जागेवर पूर्वी काहीतरी उभं असण्याचाच संभव जास्त. कोकणातली शिबंदीची घरं म्हणजे जांभ्याचं जोतं, वर लाकूड, माती, गवताचं किंवा झापांचं शाकार. शाकारणी दोन-तीन पावसाळे चुकली की छप्पर जातं, मग भिंती जातात आणि दगड कुणीतरी दुसरीकडे नेतो. 'मैदान' उरतं ते असं. सिंधुदुर्गाचा विस्तार ४८ एकर आहे. आज आत मोजकी कुटुंबं राहतात, म्हणून तो मोकळा वाटतो. भरल्या किल्ल्यात जागेची तंगीच असे.

इंग्रजांनी हा किल्ला १७६५ मध्ये घेऊन त्याला 'फोर्ट ऑगस्टस' नाव दिलं, पण लवकरच करवीरकरांना (कोल्हापूरच्या छत्रपतींना) परत केला. १८१२ च्या तहाने मालवण कायमचं इंग्रजांकडे गेलं. युरोपीय पद्धतीची कवायत या तटांच्या आत झाली असेल तर ती या इंग्रजी काळातली. महाराजांच्या नावावर ती टाकू नये.

प्रश्न : आम्ही काही विद्यार्थी किल्ल्यांवरील मोकळ्या जागांचा प्रकल्प करत आहोत. एखादी जागा खरंच कवायतीचं मैदान होती की नाही, हे ओळखायचं कसं? (चिपळूण)

आधी गणित करा, मग चढायला निघा. ब्रिटिश लष्कराच्या १७९२ च्या कवायतीच्या नियमांत एका शिपायाला रांगेत साधारण २२ इंच रुंदी धरलेली असे आणि पाऊल ३० इंचांचं. साध्या चालीत मिनिटाला ७५ पावलं, जलद चालीत १०८. ८०० जणांची पलटण दोन ओळींत उभी केली तर एका ओळीत ४०० माणसं, म्हणजे ८,८०० इंच. फुटांत ७३३, मीटरमध्ये सुमारे २२३. तीन ओळी केल्या तरी १४९ मीटर लागतात. ही झाली नुसती उभं राहायची रुंदी. पुढे चालायला, कंपनीवार वळायला आणि अधिकाऱ्यापुढून संचलन करायला खोलीही निदान शंभर मीटर हवी.

आता हे माप अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला लावून बघा. किल्ला सुमारे ९०० फूट लांब आणि ३५० फूट रुंद, म्हणजे आडवा १०७ मीटर. त्यात पुष्करणी, सिद्धिविनायकाचं मंदिर, वाड्यांची जोती. इथे पलटण उभी राहूच शकत नाही. ८० जणांची एक कंपनी मात्र राहील, तिला दोन ओळींत ७३ फूट पुरतात. म्हणून एखाद्या जलदुर्गात 'हजारो सैनिकांची परेड' होत असे असं वाचलंत, तर आधी टेप काढा.

जागेवर गेल्यावर ३० मीटरचा टेप आणि गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हलची नळी जवळ ठेवा. कडेने लांबी-रुंदी मोजा, मग दर दहा मीटरवर नळी लावून उंची टिपा. मुद्दाम केलेल्या मैदानाला एकाच दिशेने हलका उतार असतो, साधारण ३० मीटरला ३० ते ५० सेंटिमीटर. कोकणातल्या पावसाळ्यात तेवढा उतार नसेल तर मैदान आठवड्यात चिखल होतं. सखल बाजूला जांभ्याचा बांध आणि मागे भराव दिसतो का, कडेला पाण्याची चर आहे का, ते पाहा. नैसर्गिक कातळ मात्र कुठे चढतो, कुठे अचानक खचतो, त्याला एक दिशा नसते.

मग शेजार तपासा. दारूकोठार मैदानाला लागून असेल तर ते मैदान कवायतीचं असण्याची शक्यता कमी, कारण कोठार शक्यतो एका बाजूला, जाड भिंतीआड ठेवत. उलट पहाऱ्याची खोली, बराकींची लांब, अरुंद, एकसारखी जोती मैदानाकडे तोंड करून असतील तर पुरावा बळकट होतो. बराकीचं जोतं ओळखायला सोपं : रुंदीच्या कितीतरी पट लांबी आणि ठरावीक अंतरावर आडव्या भिंतींच्या खुणा. ध्वजस्तंभाचा चौथरा दिसला तर घाई करू नका. तुळशीवृंदावनाचं, समाधीचं किंवा दीपमाळेचं जोतंही तसंच दिसतं.

चुका सर्वांत जास्त होतात त्या कातळावरच्या खळग्यांमुळे. गोल, आतून गुळगुळीत खळगा बहुधा उखळ असतो. एका रांगेत, सारख्या अंतरावर खळगे असतील तर ते मांडवाचे किंवा राहुटीचे खांब रोवण्याचे असू शकतात. वेडेवाकडे, तळाशी रुंद होणारे खळगे जांभ्याला निसर्गतःच पडतात. आणि सड्यावर रेघांनी कोरलेल्या आकृत्या दिसल्या तर हा प्रकल्प बाजूला ठेवून आधी फोटो काढा. ती कातळशिल्पं असतील आणि त्यांचा किल्ल्याशी काडीचा संबंध नसेल.

ऋतूही निवडा. श्रावण-भाद्रपदात गवत छातीपर्यंत असतं, काही दिसत नाही. गवत पिवळं पडू लागतं ते दिवस उत्तम. बुजलेल्या भिंतीवर माती कमी असल्याने तिथलं गवत आधी वाळतं आणि पायाची रेघ उंचावरून स्पष्ट दिसते. सकाळी लवकर किंवा ऊन कलतं झाल्यावर तिरप्या प्रकाशात फोटो घ्या. भर दुपारच्या फोटोत सगळं सपाटच दिसतं.

शेवटी कागद. मुंबईतल्या राज्य पुराभिलेखागारात आणि पुण्याच्या पेशवे दप्तरात जुने कागद आहेत. इंग्रजी नकाशावर 'परेड' लिहिलेलं सापडलं तर पहिल्यांदा नकाशाचं वर्ष पाहा. १८१८ नंतरचा नकाशा त्या वर्षीचा वापर सांगतो, पन्नास वर्षं आधीचा नाही. खणून पाहण्याचा मोह मात्र आवरा. संरक्षित किल्ल्यात परवानगीशिवाय कुदळ मारणं गुन्हा आहे.

प्रश्न : दापोलीला सगळे 'कॅम्प' म्हणतात. पण इथे किल्ला नाही. जवळ सुवर्णदुर्गासारखा किल्ला असताना इंग्रजांनी लष्कर दापोलीत का ठेवलं? (दापोली)

सुवर्णदुर्ग बेटावर आहे, हेच त्याचं बळ आणि हीच अडचण. आरमाराचा तळ म्हणून तो उत्तम. पण १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रजांसमोर आरमारी शत्रूच उरला नव्हता. त्यांना हवी होती जमिनीवरून हलवता येईल अशी पलटण. पावसाळ्यात हर्णैच्या समुद्रात होडी घालता येत नाही, म्हणजे चार महिने बेटावरची पलटण कैदेतच. वर रुग्णांना हलवायचं तर कुठे?

दापोलीचं पठार सुमारे अडीचशे मीटर उंचीवर, हवा किनाऱ्यापेक्षा थंड, विहिरींना पाणी आणि सपाट माती मुबलक. दक्षिण कोकणचं लष्करी ठाणं म्हणून १८१८ मध्ये ही जागा निवडली गेली. पुढे नियमित पलटणी हलवून इथे वयस्क शिपायांची पलटण ठेवली होती. १८५७ मध्ये तीही मोडली आणि लष्करी ठाणं संपलं, नाव मात्र चिकटून राहिलं.

हिंदुस्थानातल्या छावण्यांचा आराखडा जवळजवळ ठरलेला असे. एका बाजूला शिपायांच्या लाइनी (झोपड्यांच्या रांगा), समोर कवायतीचं मैदान, पलीकडे अधिकाऱ्यांचे बंगले. मैदानाच्या कडेला, लाइनींपुढे, प्रत्येक कंपनीच्या बंदुका ठेवायची छोटी घुमटी आणि पहाऱ्याची चौकी. दारूकोठार लांब, एकटं. शिपायाच्या झोपडीत बंदूक ठेवू देत नसत, कवायतीला ती घुमटीतून काढायची आणि परत ठेवायची. किल्ल्यात तट सगळ्यांना एकत्र बांधतो. छावणीत ते काम मैदान करतं, आणि शिपाई व साहेब यांच्यातलं अंतरही तेच राखतं.

छावणी उठली तरी पेन्शनर राहिले. सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर इथेच स्थायिक झाले. १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा तिच्याविरुद्ध दाद मागण्यात त्यांचा पुढाकार होता. सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, मूळचे शेजारच्या मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे. निवृत्तीनंतर तेही काही काळ दापोलीत होते. दापोलीच्या लष्करी इतिहासाचा हा भाग आम्हाला तरी मैदानाच्या मापांपेक्षा मोलाचा वाटतो.

प्रश्न : मुंबईच्या फोर्ट भागात तट कुठेच दिसत नाही, पण मैदानं मात्र ओळीने आहेत. ही किल्ल्यातली मैदानं का? (मुंबई)

किल्ल्यातली नाहीत, किल्ल्याबाहेरची. आणि ती मोकळी राहिली त्यात मराठ्यांचा मोठा हात आहे! १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये वर्गणी काढली आणि तटाबाहेर खंदक खणायला घेतला. तटासमोर माड आणि घरं असतील तर हल्लेखोराला आडोसा मिळतो, म्हणून ती तोडून तोफेच्या माऱ्यासाठी पट्टा साफ केला गेला आणि पुढे टप्प्याटप्प्याने वाढवला गेला. १८०३ च्या मोठ्या आगीनंतर तो आणखी रुंद झाला. हेच एस्प्लनेड.

गोळीबारासाठी मोकळी ठेवलेली जमीन आपोआप कवायतीला सोयीची ठरते. सपाट, झाडं नाहीत, बांधकामाला मनाई, दरवाजातून बाहेर पडलं की समोर. तटाच्या आत 'बॉम्बे ग्रीन' होतं, आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी. पण तिथे कापसाचे ढीग आणि व्यापाऱ्यांची वर्दळ, पलटण फिरवायला जागा कुठली? १५ ऑक्टोबर १८५७ रोजी सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोन शिपायांना एस्प्लनेडवरच तोफेच्या तोंडी दिलं गेलं. अशी शिक्षा मुद्दाम इतर पलटणींना रांगेत उभं करून त्यांच्या डोळ्यांदेखत दिली जाई. कवायतीच्या मैदानाचा हाही एक उपयोग होता आणि तो विसरून चालणार नाही.

१८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तट पाडले गेले. रस्त्यांनी एस्प्लनेडचे तुकडे केले. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज हे त्याचेच अवशेष.

प्रश्न : रायगडावरचा होळीचा माळ म्हणजे सैन्याची परेड होण्याची जागा का? (महाड)

नाही. नावातच उत्तर आहे, गडावरची होळी तिथे होई. बाजारपेठेजवळची, शिर्काईच्या देवळाजवळची ती सार्वजनिक जागा. लोक जमायचे, पण रांगा धरायला नाही.

प्रश्न : कुलाबा किल्ल्याच्या उत्तर तटाजवळ चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत. या आंग्र्यांच्या परेडमधल्या तोफा असं ऐकलं. खरं का? (अलिबाग)

तोफांवरची अक्षरं वाचा. त्यावर यॉर्कशायरमधल्या लो मूर इथल्या लोखंडाच्या कारखान्याचं नाव आहे. तो कारखाना १७९१ मध्ये सुरू झाला आणि कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. तेव्हा कान्होजींशी त्यांचा संबंध जोडता येत नाही. कुलाब्याचं आंग्रे संस्थान इंग्रजांनी १८४० मध्ये खालसा केलं, हेही लक्षात ठेवा.

चाकं पाहून गैरसमज होतो. संचलनात फिरते ती मैदानी तोफ : हलकी, मोठ्या चाकांची, बैल किंवा घोडे जुंपलेली. तटावरच्या जड तोफेच्या गाड्याला चाकं असतात ती बार काढल्यावरचा मागचा धक्का जिरवायला, मागे सरकलेली तोफ पुन्हा पुढे ढकलायला आणि नेम बदलायला. ती दहा-बारा फूट सरकली तरी पुष्कळ.

प्रश्न : आमच्या शाळेच्या एनसीसी पथकाचं २६ जानेवारीचं संचलन कुलाबा किल्ल्यात करायचा विचार आहे. काय तयारी करावी? (अलिबाग परिसर)

पहिली तयारी कागदाची. कुलाबा हा केंद्राच्या संरक्षणातला किल्ला आहे. १९५९ च्या नियमांनुसार अशा स्मारकात सभा-समारंभ करायला लेखी परवानगी लागते. अर्ज पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाकडे, निदान दोन-तीन महिने आधी करा. अर्जात मुलांची संख्या, वेळ, ध्वनिक्षेपक आहे की नाही आणि जमिनीत काहीही रोवणार नाही हे स्पष्ट लिहा. अर्ज अडतो तो बहुतेक या शेवटच्या मुद्द्यावर. ध्वजासाठी खड्डा न खणता वजनदार बैठकीचा सुटा स्तंभ न्या.

दुसरी तयारी समुद्राची, आणि इथेच फजिती होते. ओहोटीला चालत जाता येतं, पण कुठल्याही दिवशी कुठल्याही वेळी नाही. कोळ्यांचा हिशेब सोपा : तिथीला पाऊणाने गुणा, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. पुनवेला किंवा अवसेला १५ गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. त्या दिवशी पूर्ण ओहोटी पहाटे पाचच्या सुमारास, म्हणजे नऊच्या ध्वजवंदनाला मुलं चालत जाऊच शकत नाहीत. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी दुपारी बाराच्या आसपास, वेळ सोयीची. पण तेव्हा भांगाचे दिवस असतात, पाणी पुरतं हटत नाही आणि गुडघाभर राहू शकतं. हिशेब अंदाजाचा आहे. त्या दिवसाचं छापील भरतीचं कोष्टक पाहा आणि पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघून तासाभरात परत फिरा. संचलन, ध्वजवंदन आणि परतीची वाट एवढ्या वेळात बसत नसेल तर बेत सोडा.

तिसरं, जमीन. ४८ मुलांचं पथक तीन ओळींत उभं केलं तर एका ओळीत १६ येतात. हात लांब करून अंतर घेतलं की साधारण १२ मीटर रुंदी लागते, चालायला आणखी २५-३० मीटर. आदल्या ओहोटीला जाऊन सुटे दगड वेचा आणि उघड्या विहिरी-हौदांच्या कडेला दोरी धरून मोठी माणसं उभी राहतील अशी व्यवस्था करा. खिळ्यांचे बूट शेवाळलेल्या जांभ्यावर घसरतात आणि दगडही झिजवतात. रबरी तळव्याचे बूट बरे.

खरं सांगायचं तर संचलन पोलीस परेड मैदानावर करावं आणि किल्ल्यात मुलांना फक्त पाहायला न्यावं. ४ डिसेंबर २०२३ चा नौदल दिन सिंधुदुर्गात साजरा झाला तेव्हा नौदलानेसुद्धा प्रात्यक्षिकं तारकर्लीच्या किनाऱ्यावर केली, किल्ल्याच्या आत नाही. आता तर सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी आणि रायगड जुलै २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, तिथे नियम सैल होण्याची आशा धरू नका.

प्रश्न : किल्ल्याजवळच्या माळावर शिशाची गोळी सापडली. बंदुकीची आहे का आणि ठेवता येईल का? (देवगड)

आधी भोक पाहा. आरपार भोक असेल तर ती जाळ्याची शिशाची गोळी, कोकण किनाऱ्यावर अशा शेकड्यांनी सापडतात. भोक नसेल तर माप घ्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांच्या चकमकीच्या बंदुकीची नळी पाऊण इंची होती आणि गोळी त्याहून थोडी लहान, सुमारे साडेसतरा मिलिमीटर व्यासाची, वजन ३० ग्रॅमच्या आसपास. जुन्या शिशावर पांढुरका थर असतो, तो खरवडू नका. चपटलेली गोळी उडालेली असते, अखंड गोळी बहुधा हातातून पडलेली. चपट्या गोळ्या एकाच मातीच्या उंचवट्यापाशी पुष्कळ सापडल्या तर ती चांदमारीची जागा. नेमबाजी कवायतीच्या मैदानात होत नसे, बाजूला मातीचा बांध घालून होई.

ठेवण्याबद्दल : संरक्षित आवारातली वस्तू उचलूच नये. बाहेर जमिनीत पुरलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची चीज सापडली तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. एकट्या गोळीची किंमत तेवढी धरता येईल की नाही यावर वाद होऊ शकतो, पण जागेची नोंद आणि फोटो घेऊन कळवलेलं बरं. आणि शिसं विषारी आहे, हाताळल्यावर हात साबणाने धुवा आणि गोळी लहान मुलांच्या हाती देऊ नका.